हिशेब मांडल्यावाचून ऋण सोडता येत नाही

धुळे जिल्ह्यातील एका भगिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांच्या निधनानंतर थोरल्या भावाने ‘वारसनोंदीचे काम आहे’ असे सांगून त्यांना दुय्यम निबंधक कार्यालयात नेले आणि त्यांनी भावावरच्या विश्वासाने, न वाचताच, सही केली व अंगठा दिला. वर्षभराने सातबारा उतारा काढला तेव्हा त्यावर आपले नाव नाही असे त्यांना दिसले. तो कागद हक्कसोडपत्राचा होता. गेल्या नाताळात भाऊ चर्चच्या मंडळीतील एका वडीलजनांना बरोबर घेऊन फराळाचा डबा घेऊन आला आणि ‘झाले गेले विसरून जा’ म्हणाला. ‘ख्रिस्ती माणसाने क्षमा केलीच पाहिजे’ असे वडीलजनांनी सांगितल्यावर या भगिनी ‘क्षमा केली’ असे म्हणाल्या. तेव्हापासून रविवारच्या उपासनेत प्रभूच्या प्रार्थनेतील ऋण सोडण्याची ओळ आली की त्यांचा आवाज बंद होतो. चार महिने त्यांनी प्रभुभोजन (चर्चमधील भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) घेतलेले नाही, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जावे की नाही हेही त्यांना ठरवता येत नाही. माझी क्षमा खोटी होती का, आणि खरी क्षमा करायची तर जमिनीवरचा हक्कही सोडावा लागेल का, असे त्या विचारतात.

ताई, नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांतील मंडळ्यांत मी सत्तावीस वर्षे पाळक म्हणून सेवा केली आहे, आणि तुमच्यासारखी तक्रार घेऊन आलेल्या विश्वासणाऱ्यांत बहुसंख्य बहिणी आणि धाकटे भाऊ होते. नाताळात तुमच्या तोंडून जे निघाले त्याला मी भिडेची क्षमा म्हणतो. समोर वडीलजन बसलेले, सणाचा दिवस, भावाच्या हातात डबा, आतल्या खोलीत मुले. अशा वेळी ‘नाही’ म्हणणारी बाई आपल्याकडे विरळाच. भीड ही भिकेची बहीण आहे असे आपण म्हणतो ते व्यवहाराविषयी, परंतु आत्मिक जीवनातही ते तितकेच खरे आहे. तुम्ही खोटे बोललात असे मी म्हणणार नाही. तुम्हाला जे द्यायला सांगितले गेले ते तेव्हा तुमच्या हातात आलेलेच नव्हते, म्हणून तुम्ही ते देऊ शकला नाहीत. ते हातात कसे येते हे सांगण्याचा मी पुढे प्रयत्न करतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील दृष्टान्त तुम्हाला पाठ असेल. भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा काय, असे पेत्र विचारतो आणि प्रभू साताच्या सत्तर वेळा असे उत्तर देऊन राजाची गोष्ट सांगतो. ही गोष्ट आपण नेहमी शेवटाकडून वाचतो, म्हणजे राजाने स्वतःचे प्रचंड कर्ज सोडल्यावरही आपल्या सोबत्याचे देणे न सोडणाऱ्या निर्दय चाकराला शिक्षा झाली तिथून. माझी विनंती अशी की ती पहिल्या वाक्यापासून वाचा. राजाला आपल्या चाकरांचा हिशेब घ्यावा असे वाटले, अशी तिची सुरुवात आहे. क्षमेवरची प्रभूची सर्वांत मोठी गोष्ट हिशेबाच्या वहीपासून सुरू होते, आणि आपल्या मंडळ्यांत क्षमेची सुरुवात बहुधा ती वही बंद करण्यापासून होते. खानदेशात सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे, साल आखाजीला संपते. त्या दिवशी मालक आणि सालदार समोरासमोर बसून वर्षभराची उचल, खाडे आणि राहिलेली बाकी बोलून घेतात. ‘जाऊ दे ना भो, मिटवून टाकू’ असे मालक म्हणाला आणि आकडा बोललाच नाही, तर सालदाराला ठाऊक असते की यात आपलेच काहीतरी बुडाले आहे. ऋण सोडायचे तर ते किती आहे हे दोघांना, निदान सोडणाऱ्याला तरी, नक्की माहीत असले पाहिजे. आकडा न मांडता सोडलेले ऋण सुटत नाही, दडपले जाते.

त्या दृष्टान्तातील आकडे पाहा. पहिल्या चाकराचे देणे दहा हजार तलांतांचे होते. एक तलांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, हे मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या गोष्टीवरून कळते. म्हणजे त्याचे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके झाले. वर्षाला तीनशे दिवस राबले तरी दोन लाख वर्षांचे. ते फिटणे नव्हते, म्हणून राजाने ते सोडले. दुसऱ्या चाकराचे पहिल्याकडे असलेले देणे शंभर दीनारांचे होते. उपदेश करताना आम्ही पाळक ते ‘क्षुल्लक’ म्हणून उडवून लावतो, आणि मी स्वतः पुष्कळ वर्षे तसेच केले. एकदा कापूस वेचून आलेल्या एका बाईने उपासनेनंतर मला विचारले, ‘पाळकसाहेब, शंभर दिवसांची मजुरी थोडी असते का?’ मला उत्तर देता आले नाही. अख्खा वेचणीचा हंगाम त्यात जातो. प्रभूने मुद्दाम चार-दोन पैशांचा आकडा घेतलेला नाही. ज्याचे गेले त्याला ते खरोखर जाणवावे एवढी ती रक्कम आहे. तेव्हा ‘देवाने तुला एवढी क्षमा केली, मग भावाने नेलेले काय मोठे’ असे कोणी म्हणाले तर त्याला दृष्टान्ताचा अर्धाच भाग कळला आहे. तुमचे जे गेले ते लहान नव्हते. देवाने तुम्हाला सोडले ते त्याहून कितीतरी मोठे होते, एवढेच दृष्टान्त सांगतो, आणि त्या मोठ्या सुटकेतूनच शंभर दीनार सोडण्याचे बळ येते.

म्हणून पहिले काम म्हणून एक वही घ्या. भावाने काय केले ते कोणतेही विशेषण न लावता लिहा. कोणत्या तारखेला, कोणत्या कार्यालयात, काय सांगून, कशावर सही घेतली. त्यानंतर तुमचे काय गेले ते लिहा, आणि इथे घाई करू नका, कारण जमीन ही त्यातली एकच ओळ असेल. वडिलांच्या नावापुढे आपले नाव असण्याचा मान गेला, भावाच्या शब्दावर डोळे मिटून चालण्याची सवय गेली, आईसमोर मोकळेपणाने बसणे गेले, नवऱ्यासमोर माहेरची बाजू घेणे गेले. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी अशी यादी करताना तीन पाने पैशांविषयी लिहिली आणि चौथ्या पानावर एकच वाक्य लिहिले, ‘बाबांच्या मातीच्या दिवशी त्याने मला पुढे येऊ दिले नाही.’ मग ते रडले. सहा वर्षे ते ज्या रकमेची क्षमा करण्याची धडपड करीत होते ती त्यांची खरी बाकी नव्हतीच.

ही वही देवापुढे उघडी ठेवा. त्यात अश्रद्धा नाही. स्तोत्रकर्त्यानेही हेच केले आहे. पंचावन्नाव्या स्तोत्रात तो म्हणतो की शत्रूने निंदा केली असती तर सोसली असती, परंतु तो तर माझ्या बरोबरीचा, माझा मित्र, ज्याच्याबरोबर मी देवाच्या घरी चालत गेलो तो होता. तुम्ही आणि तुमचा भाऊ एकाच संडे स्कूलमध्ये शिकलात असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून हे स्तोत्र आठवडाभर रोज वाचा. भाषा कडक वाटली तरी थांबू नका. देवापुढे बोललेला राग माणसांत सांडत नाही, असा माझा अनुभव आहे.

यानंतर क्षमेचा निर्णय येतो, आणि निर्णय हाच शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो. मूळ ग्रीक भाषेत क्षमा करण्यासाठी जे क्रियापद येते त्याचा साधा अर्थ ‘सोडून देणे’ असा आहे, आणि आपल्या मराठी पवित्र शास्त्राने प्रभूच्या प्रार्थनेत ‘ऋणे आम्हांस सोड’ असे म्हणून तो अर्थ उत्तम राखला आहे. सोडणे ही हाताची क्रिया आहे. मनाला बरे वाटणे हे तिच्या पाठोपाठ, कधी फार उशिरा, येते. ‘ही बाकी मी भावाकडून सूडाच्या रूपाने वसूल करणार नाही’ असे देवापुढे मोठ्याने म्हणणे, ही क्षमा आहे. ती करताना दाटून आले नाही, शांती उतरली नाही, तरी ती खरी आहे.

वसुलीचे मार्ग मात्र पुष्कळ असतात आणि त्यांतले बरेच धार्मिक दिसतात, म्हणून ते नीट ओळखावे लागतात. प्रत्येक लग्नात, प्रत्येक मौतीला नातेवाइकांना ती गोष्ट पुन्हा सांगणे ही वसुली आहे. मुलांना ‘मामाच्या घरचे पाणी पिऊ नका’ असे शिकवणे हे व्याज लावणे आहे. प्रार्थनासभेत ‘माझ्या भावाचे हृदयपरिवर्तन व्हावे म्हणून प्रार्थना करा’ असे सर्वांसमोर सांगून त्याचे नाव खाली आणणे ही तर फार पवित्र दिसणारी वसुली आहे, आणि तिच्याविषयी मी अनुभवाने बोलतो. माझ्या सेवेच्या सुरुवातीच्या काळात, मंडळीचे नाव सांगत नाही, पंच कमिटीतील एकाने बांधकामाच्या पैशांवरून माझ्याविषयी संशय पसरवला. हिशेब तपासला गेला, संशय खोटा ठरला, आणि पुढच्या रविवारी मी वेदीवरून, त्याच्याकडे पाहत, ‘मी सर्वांना मनापासून क्षमा केली आहे’ असे जाहीर केले. मंडळी हेलावली. तो माणूस मान खाली घालून निघून गेला आणि परत आला नाही. घरी आल्यावर पत्नीने एवढेच म्हटले, ‘आज तुम्ही त्याला चांगला मारला.’ ती क्षमा माझ्या हातातील काठी होती. आजही तो प्रसंग आठवला की मला लाज वाटते.

तुम्ही कुठवर आला आहात हे पाहण्याची एक साधी कसोटी मी लोकांना सांगतो. जूनच्या वावटळीत भावाची केळीची बाग आडवी झाल्याची बातमी तुमच्या कानावर आली, तर पहिल्या क्षणी मनात काय झाले? बरे वाटले असेल तर घाबरू नका, ढोंगही करू नका. वहीची कोणती ओळ अजून सोडायची राहिली आहे हे तुम्हाला कळले. रोमकरांस पत्रातील बाराव्या अध्यायात प्रेषित पौलाने शत्रू भुकेला असेल तर त्याला खाऊ घाल असे लिहिले आहे. ते खाऊ घालणे मनात प्रेम दाटल्यावर करावयाचे आहे असे तिथे म्हटलेले नाही. हाताने आधी करावे, मन मागून येते.

राग परत येतो म्हणून तुम्ही स्वतःला खोटी ठरवता, याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण विश्वासू माणसे याच ठिकाणी खचतात. तुमच्या शेतात निंदणी एकदाच होते का? पहिल्या निंदणीनंतर पंधरा दिवसांत हराळी आणि लव्हाळा पुन्हा वर येतात, म्हणून पहिली निंदणी खोटी होती असे कोणी म्हणत नाही. विळा घेऊन पुन्हा बसतात. साताच्या सत्तर वेळा या आकड्याचा अर्थ आपण ‘भावाने चारशे नव्वद वेळा अपराध केला तर’ असा घेतो. माझ्या अनुभवात तो आकडा एकाच अपराधासाठीही लागतो. तलाठी कार्यालयासमोरून जाताना, भावाचा आवाज फोनवर ऐकताना, वडिलांच्या वर्षदिनी, तीच बाकी पुन्हा समोर उभी राहते आणि ती पुन्हा सोडावी लागते. अशा वेळी ‘मी ही सोडली आहे’ एवढेच म्हणून हातातले काम चालू ठेवावे. लांब प्रार्थना करत बसलात तर पुष्कळदा रागच उगाळला जातो. आपल्या भाषेत आंबे पिकवण्याच्या ढिगालाही अढी म्हणतात आणि मनातल्या आकसालाही अढीच म्हणतात. झाकून, पेंढ्यात घालून ठेवले की दोन्ही पिकतात.

‘विसरून जा’ हा सल्ला मात्र सरळ बाजूला ठेवा. भावांनी गुलाम म्हणून विकलेल्या योसेफाने मिसरात आपल्या पहिल्या मुलाचे नाव मनश्शे ठेवले, कारण देवाने मला माझे कष्ट आणि बापाचे घर विसरायला लावले असे तो म्हणाला. पुढच्याच अध्यायात भाऊ धान्य मागायला आले, आणि त्याला सगळे आठवले. त्याने लगेच गळामिठी घातली नाही. त्याने त्यांची पारख केली, धाकट्याला अडकवून पाहिले, आणि ज्या यहूदाने पूर्वी त्याला विकण्याची कल्पना मांडली होती तोच यहूदा ‘धाकट्याऐवजी मला गुलाम ठेवा’ म्हणाला तेव्हा योसेफाला रडू आवरेना. त्याच्या मनातली क्षमा आणि भावांशी समेट यांच्यात एवढे अंतर गेले. उत्पत्तीच्या पन्नासाव्या अध्यायात बापाच्या मृत्यूनंतर भाऊ पुन्हा घाबरतात, तेव्हाही तो ‘तुम्ही काही केलेच नाही’ असे म्हणत नाही. तुम्ही वाईट योजले, परंतु देवाने ते भल्यासाठी योजले, असे स्पष्ट म्हणतो. अपराधाला अपराध म्हणूनच त्याने तो सोडला.

क्षमा आणि समेट यांची गल्लत आपल्याकडे फार होते, म्हणून दोन वचने शेजारी ठेवतो. मार्क 11:25 मध्ये प्रभू म्हणतो की प्रार्थनेला उभे असता कोणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा. तिथे समोरचा माणूस हजर नाही, त्याने पश्चात्ताप केला की नाही हा विषय नाही. हे तुमच्या आणि देवाच्या मधले काम आहे आणि ते आजच करता येते. लूक 17:3 मध्ये मात्र प्रभू म्हणतो की भावाने अपराध केला तर त्याला त्याचा दोष दाखव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. तिथे भाऊ समोर आहे आणि नात्याची गाठ पुन्हा बांधण्याचा विषय आहे. ती गाठ एका हाताने बांधली जात नाही. पश्चात्तापाला तोंडच असते असे नाही, त्याला हातही असतात. जकातदार जक्कयाने ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत देण्याचे कबूल केले तेव्हाच प्रभू त्याला म्हणाला की आज या घराला तारण झाले आहे. तुमच्या भावाने फराळाचा डबा आणला. कागदाचा शब्दही काढला नाही. त्या डब्याचा अपमान करू नका, परंतु त्याला पश्चात्तापही समजू नका.

विश्वास पुन्हा ठेवणे ही तिसरीच गोष्ट आहे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल तुरुंगातून लिहितो की आलेक्सांद्र तांबटाने माझे पुष्कळ वाईट केले, प्रभू त्याचे फळ त्याला देईल, आणि तूही त्याच्याविषयी सावध राहा. लगेच पुढे तो लिहितो की माझ्या पहिल्या सुनावणीच्या वेळी कोणीच माझ्या बाजूने उभे राहिले नाही, सर्वांनी मला सोडले. ते त्यांच्या हिशेबी धरले न जावो. सावध राहणे आणि हिशेबी न धरणे या दोन्ही गोष्टी एका म्हाताऱ्या कैद्याच्या एकाच पत्रात, दोन-तीन ओळींच्या अंतराने आहेत. तेव्हा यापुढे भावाने दिलेला कोणताही कागद वाचल्याशिवाय सही न करणे हे तुमच्या क्षमेला बाधक नाही.

इथे मला माझी एक चूक कबूल करावी लागेल. फार वर्षांपूर्वी नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून माहेरी आलेल्या एका तरुणीला मी साताच्या सत्तर वेळांचे वचन सांगून परत पाठवले. दोन महिन्यांनी ती हात मोडलेल्या अवस्थेत दवाखान्यात होती. क्षमा आणि परत त्याच छताखाली जाणे या दोन गोष्टी मी एक केल्या होत्या, आणि त्याची किंमत तिने दिली. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याची माहिती आज मी अशा बहिणींना वचनाच्या आधी देतो. ज्या अपराधात जीवाला किंवा लेकरांना धोका आहे तिथे आधी सुरक्षित जागा, मग क्षमेची चर्चा.

आता जमिनीविषयी. क्षमा केली म्हणजे हक्क सोडला, असे पवित्र शास्त्र म्हणत नाही. याचे उदाहरण सातपुड्यापलीकडेच घडले आहे. राणी मारिया या कॅथलिक धर्मभगिनी मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात उदयनगर भागात गरीब शेतकऱ्यांना सावकारीच्या पाशातून सोडवण्याचे काम करीत होत्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी धावत्या बसमध्ये समंदरसिंग नावाच्या माणसाने त्यांना भोसकून ठार केले. त्याला जन्मठेप झाली. त्यांची सख्खी बहीण, जी स्वतःही धर्मभगिनी होती, 2002 साली तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधून आली. पुढे त्याच्या सुटकेसाठी त्या कुटुंबानेही साहाय्य केले. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरला राणी मारिया यांना ‘धन्य’ (कॅथलिक परंपरेत संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले. लोक राखी लक्षात ठेवतात. खून आणि राखी यांच्यामध्ये सात वर्षे गेली, आणि त्या काळात न्यायालयाने आपले काम केले, हे मी तुम्हाला लक्षात ठेवायला सांगतो. ओडिशात 1999 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे दोन लहान मुलगे जाळले गेले तेव्हाही त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले, आणि खटला मात्र 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत चालून शिक्षा कायम झाली. क्षमेने सूड सोडला. न्याय करणे हे शासनाचे काम शासनाकडे राहिले, जसे रोमकरांस पत्राच्या सूड घेऊ नका म्हणणाऱ्या बाराव्या अध्यायानंतर, शिक्षेचे काम शासनाकडे सोपवणारा तेरावा येतो.

करिंथकरांस पहिल्या पत्रातील सहावा अध्याय तुम्हाला कोणीतरी नक्की दाखवील. भावाने भावाविरुद्ध न्यायालयात जावे हे पौलाला लाजिरवाणे वाटते. ते वचन टाळू नका. परंतु तिथे पौल असेही विचारतो की भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही काय, आणि नुकसान सोसा असे म्हणून लगेच नुकसान करणाऱ्यांनाही सुनावतो. म्हणजे मंडळीने ‘सोस’ म्हणण्याआधी निवाडा केला पाहिजे. म्हणून मत्तय 18:15 च्या क्रमाने जा. आधी एकट्या भावाशी बोला, सणाच्या दिवशी नाही, इतरांदेखत नाही. ‘मी तुझ्यावर सूड घेणार नाही. परंतु तू माझ्याकडून खोटे सांगून सही घेतलीस, ते दुरुस्त कर’ अशी दोन वाक्ये पुरतात. ऐकले नाही तर दोघा जाणत्यांना घेऊन जा, आणि नाताळात आलेल्या वडीलजनांनाच त्यांत घ्या. त्यांनी क्षमा मागायला मदत केली, आता न्याय करायलाही करावी.

मुदत मात्र विसरू नका. फसवून घेतलेला दस्त रद्द करून मागण्यासाठी ती फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दावा दाखल करावा लागतो, आणि भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. आदिवासी समाजातील विश्वासणाऱ्यांच्या बाबतीत रूढी आणि जमिनीचे निराळे नियम लागू होतात. म्हणून दस्ताची प्रत, फेरफाराची नक्कल आणि जुना-नवा सातबारा घेऊन या महिन्यातच वकिलाला भेटा. मन शांत होईपर्यंत थांबू नका. मनाला मुदत नसते, दाव्याला असते. सगळे तपासून, आकडा कळून, ‘ही जमीन मी भावाला देते’ असे तुम्हाला शेवटी वाटले तर जरूर द्या. तेव्हा ते दान असेल. आज मात्र ते तुमच्या हातून गेलेले आहे, तुम्ही दिलेले नाही.

प्रभुभोजनाबद्दल माझे मत इतर काही पाळकांहून वेगळे आहे, तरी सांगतो. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी समेट कर, हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील वचन नीट वाचले तर ‘तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे’ असे आठवले तर, असे आहे. ते प्रामुख्याने अपराध करणाऱ्याला उद्देशून आहे. वेदीपाशी थांबायचे असेल तर तुमच्या भावाने थांबावे. पौलही माणसाने स्वतःची परीक्षा करावी ‘आणि मग’ भाकर खावी असे म्हणतो; परीक्षा करून उपाशी परतावे असे म्हणत नाही. जिने वही उघडली आहे आणि सोडण्याची सुरुवात केली आहे तिला प्रभूच्या मेजापासून दूर राहण्याचे कारण नाही. उलट देवाने सोडलेले दहा हजार तलांत तिथेच हातात भाकर होऊन येतात, आणि शंभर दीनार सोडायला लागणारे बळही तिथूनच मिळते.

राहिला आखाजीचा प्रश्न. आई आहे तोवर माहेर आहे, म्हणून जा. झेपत नसेल तर मुक्काम करू नका, दुपारचे जेवण करून संध्याकाळच्या एसटीने परत या. त्या घरात त्या दिवशी कागदाचा विषय काढू नका, कोणी काढला तर ‘त्याच्यासाठी वेगळा दिवस ठेवू’ म्हणा. भावाच्या मुलांना नेहमीसारखे काही न्या. त्यांची तुमच्याकडे काहीच बाकी नाही. आणि येत्या रविवारी प्रभूची प्रार्थना त्या ओळीपाशी आल्यावर आवाज अडला तर अडू द्या. शेजारची बाई ती ओळ म्हणत असेल; तिच्या आवाजावर ती ओळ पार करा, आणि पुढची ओळ आपल्या तोंडाने म्हणा.